दत्तू का वळला

पहिल्याच भेटीत जयमालाची शिडाची होडी थेट दत्तूच्या जाळ्यात घुसली होती. वर तीच ओरडली, "वारा माझ्या उजव्या अंगाला आहे, वाट माझी!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" दिवाळे गावचा तो तरणा कोळी जाळं सोडवत हसला. "वारा कुटूनबी येवं दे. आमच्या खाडीत ज्याचं जालं पान्यात, त्याची वाट पयली. तुमी वाशीच्या फ्लॅटातल्या ना?"

ती लाजली, चिडली... आणि पुढच्याच रविवारी तिच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात नाव घालायला हा हजर! शर्यतीचे नियम त्याला शिकवायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. उजवीकडून वारा घेणारी होडी सरळ जाणार, डावीकडून घेणारीने तिला चुकवायचं. पण सरळ जाणाऱ्यानेही आयत्या वेळी वळायचं नाही, नाहीतर दुसऱ्याने चुकवायचं कसं?

"म्हंजे हक्क असला तरी बंधन हायच," तो म्हणायचा, आणि चिखलात काडीने काढलेल्या होड्या सोडून तिच्याकडेच बघत बसायचा.

आज निवडीची शर्यत होती. जिंकली तर मद्रासची मोठी स्पर्धा, नाहीतर होड्या कायमच्या बंद, असं बाबांनी बजावलं होतं. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. बाकीच्या होड्या मागे पडल्या होत्या, आणि शेवटच्या वळणावर नेमका समोरून दत्तू आला. वारा त्याच्या उजवीकडून, म्हणजे वाट त्याची होती. ती त्याच्या मागून जायला वळली, आणि त्याच क्षणी तोही तिच्या मागून जायला वळला. दोन्ही होड्या धाडकन आदळल्या.

आता क्लबाच्या शेडमध्ये दिनानाथ सर वही उघडून बसले होते. पंच तेच.

"चुकवायचं होतं जयमालाने. ती म्हणते, तू वळलास. पाहणारं कोणी नाही. दत्तू, तू सरळ गेला असशील तर ही बाद, मद्रासला तू. बोल."

त्याने नुसतं 'सरळ गेलो' म्हटलं की संपलं. मद्रास कोणाला नको असतं? आणि हा खोटं बोलला, तर मद्रासपेक्षा मोठं काहीतरी जाणार होतं. ते जयमालाला आत्ता, या क्षणी कळलं.

"नाय सर. मी वललो. चूक माजी."

"अरे, हक्क तुझा होता! का वळलास?"

दत्तू ओली टोपी पिळत राहिला. "हिचं तोंड दिसलं... घाबरली व्हती. मग नियम काय आटवला नाय. दुसरं कोनी असतं तर सरल गेलो असतो."

सरांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"दत्तू बाद, मद्रासला जयमाला," ते म्हणाले. पेन वहीवर थांबलं. "पण कारण काय लिहू?"

जयमालाचे कान तापले होते.

"तो म्हणाला तेच लिहा, सर," ती म्हणाली. "शब्द न् शब्द... मला ते परत वाचायचंय."