वळणावरचा भोवरा

मी धुळ्याची. कारखान्यांच्या बंद डक्टमधून हवा कशी वाहते ते मोजायचं आणि मग तीच हवा संगणकात सोडून बघायची, हे माझं काम. धरणगावबाहेरच्या कापसाच्या एका जिनिंग मिलमधून बोलावणं आलं ते डक्टच्या वळणासाठी. अंगणातल्या ढिगाचा कापूस विटांच्या भुयारी डक्टमधून ब्लोअर ओढून घेई आणि यंत्रांपर्यंत पोचवी. डक्ट कमरेइतका उंच. वळणावर कापूस गरगरत राही, गोळा होई आणि घासून घासून करपे. एकदा तर धूर निघाला होता.

मालक झुलालभाऊंना मी पहिल्या दिवसापासून खुपले.

"हवा मोजायला बाई कशाला लागते?" ते माझ्यासमोरच मुकादमाला म्हणाले. खुर्ची कुणी दिली नाही. प्यायचं पाणी मागितलं, तर एकाने अंगणातल्या नळाकडे हनुवटी केली. रुंद खांद्यांचे फिटर गफूरभाई तेवढे सरळ बोलत. माझी हवा मोजायची नळी आत जाण्यासाठी त्यांनी डक्टच्या झाकणाला नीट भोकं पाडून दिली. या नळीच्या टोकाला पाच बारीक छिद्रं असतात. हवेचा वेग आणि दिशा दोन्ही कळतात.

वळणानंतर हवा फिरतेच. दोन भोवरे, शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट. संगणकानेही तेच दाखवलं. इथे मात्र एकच भोवरा होता, जाड, एका भिंतीला धरून. नळी तपासली, ब्लोअर तपासला. चूक सापडेना. म्हणजे आत काहीतरी अडलेलं असणार.

संगणकातल्या डक्टमध्ये मी एक ठोकळा ठेवला. भोवरा जुळेना. ठोकळा बारीक केला, वाकवला, खाली सरकवला, थोडाथोडा तासत गेले. एका दुपारी आकडे तंतोतंत जुळले आणि मी पडद्यावरचा आकार पहिल्यांदा नीट पाहिला.

गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून, भिंतीला टेकून बसलेलं माणूस.

झुलालभाऊंना मी एवढंच सांगितलं, की वळणावर अडथळा आहे.

"मग काढा ना! गफूर, ब्लोअर बंद कर आणि शिर आत."

"नको," मी म्हणाले. "आधी कॅमेरा सोडून बघू."

"बाहेर गाड्यांची रांग लागेल शे, दिसत नाही? तुम्ही बाजूला व्हा."

गफूरभाई हसले. ब्लोअरचा फ्यूज काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला, तोंडाला रुमाल बांधला आणि रांगत आत गेले. बॅटरीचा उजेड वळणापलीकडे नाहीसा झाला.

"गफूरभाई?"

मी डक्टच्या तोंडाशी वाकले.

माझी ओढणी हलली. ब्लोअर बंद होता, पानही हलत नव्हतं. तरी ओढणीचं टोक डक्टच्या तोंडाकडे हळूहळू ताणलं गेलं. कुणी आत लांब श्वास घ्यावा तसं. मग ते सैल पडलं.

बऱ्याच वेळाने त्यांचे पाय दिसले. ते मागे सरकत बाहेर आले.

"मझार, पार आतपर्यंत, काहीच नही शे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

ब्लोअर सुरू झाल्यावर मी पुन्हा मोजलं. भोवरा बदलला होता. त्या एका आकाराने आता आकडे जुळेनात.

मी शेजारी दुसरा आकार ठेवला. जरा थोराड, रुंद खांद्यांचा.

जुळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झुलालभाऊंना डक्ट बंद करायला सांगितलं. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"कापूस मस्त पळतोय कालपासून. तुमचं काम संपलं. निघा."

खरंच, कापूस कुठेच अडत नव्हता.

फाटकापर्यंत गफूरभाई माझी उपकरणांची पेटी घेऊन आले. ती गाडीत ठेवत असतानाच शेतातून वावटळ उठली आणि सरळ आमच्यावर आली. वॉचमनने तोंड झाकलं. पत्र्याची पाटी खडखडली, माझे केस डोळ्यांत गेले, दातांखाली माती आली. केस बाजूला करून मी पाहिलं.

गफूरभाई वावटळीच्या मधोमध उभे होते, डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघत.

"निघा आता, ताई," ते म्हणाले.

त्यांच्या ढगळ सदऱ्याची बाहीसुद्धा हलत नव्हती.