छताखालचा पत्रा

अँटेनाला पायाखाली पत्रा लागतो. गाडीचं छत लोखंडी असलं की वेगळं काही करावं लागत नाही. छतच तिची जमीन होतं. पण ही रुग्णवाहिका फायबरच्या उंच छताची होती. तिच्या चालकाची तक्रार होती की टेकडीमागे गेलं की रेडिओ मुका होतो. कोणीतरी फायबरला भोक पाडून अँटेना नुसतीच खोचली होती.

"हवेत उभी केलीय," मी म्हणालो. "आतून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवावा लागेल."

"काय करायचं ते करा," चालक म्हणाला, "पण मला आत बोलावू नका." आणि तो रस्त्यापलीकडे चहाला गेला.

वर्कशॉप माझं आणि ताईचं. ती आत टेबलावरच्या रेडिओ सेटपाशी बसते, मी गाड्यांत घुसतो. भांडणं होतात, पण कामात आमचं जमतं.

मी मागच्या भागात चढलो. स्ट्रेचर काढलेलं होतं. खिडक्यांना दुधी काच, पुढे चालकाच्या बाजूला बंद भिंत. फिनेलचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा कसला तरी, ओल्या लोकरीसारखा. आतलं अस्तर उतरवलं. अस्तर आणि फायबर यांच्यामध्ये जेमतेम वीतभर पोकळी होती. पत्रा चिकटवायच्या आधी मी बोटाने ठोकून पाहिलं. फायबर बद्द वाजलं.

वरून कोणीतरी तसंच ठोकलं.

"टपावरून उतरा हो," मी ओरडलो. "भेग पडेल."

मग उघड्या दारातून मला चालक दिसला. पलीकडे बाकावर बसून तो बशीत चहा ओतत होता.

फायबर उन्हाने तापलं की आवाज करतं. मी पत्रा दाबून बसवला, अँटेनाच्या केबलवरची तारेची जाळी त्याला जोडली, अस्तर परत लावलं. चाचणी दारं बंद ठेवून करावी लागते, नाहीतर मोजमाप चुकतं. मी दारं ओढून घेतली आणि भिंतीवरचा गाडीच्या रेडिओचा माईक उचलला.

"ताई, येतंय का ऐकू?"

"येतंय की. मघापासून येतंय. ओरडू नकोस."

"मघापासून?"

"अरे, दार अडकलंय म्हणतोयस ना? आले, चप्पल घालू दे."

मी काहीच बोललो नव्हतो.

मी वळून दाराचा खटका दाबला. खटका फिरला. दार हललं नाही. खांदा लावला, लाथ मारली. बाहेरून ताईच्या चपला वाजल्या, मग चालकाचे बूट.

"कडी उघडीच आहे!" ताई म्हणाली. "तू आतून धरलंयस का?"

"मी कशाला धरीन? ओढ ना!"

ती दोघं ओढत होती. दार जराही डगमगत नव्हतं, जणू चौकटीला जोडून ओतलेलं. हवा कोमट झाली. माईक मी खाली ठेवला होता, तरी त्याचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे बोलणं चालू होतं.

मी मान वर करायला गेलो आणि डोकं अस्तराला लागलं.

मघाशी मी तिथे ताठ उभा राहून काम केलं होतं.

मी गुडघे वाकवले. जरा वेळाने आणखी वाकवले. शेवटी जमिनीवर उताणा पडलो आणि दोन्ही तळहातांनी अस्तर वर रेटत राहिलो. अस्तर कोमट होतं. ते श्वास घेत होतं असं मी म्हणणार नाही. पण मी श्वास सोडला की ते खाली येत होतं.

मग दार उघडलं. अगदी सहज.

मी बाहेर कोसळलो. ताईने मला धरलं, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून गाडीत होती. गाडीत कोणी नव्हतं. छत होतं तिथेच होतं, उंच.

तिने मला आत आणून खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. पेला तोंडाला लावतोय तोच टेबलावरचा सेट खरखरला.

"ताई, उघडलं का गं? मला श्वास घेता येत नाहीये."

माझा आवाज. माझी धाप.

चालकाने धावत जाऊन गाडीच्या बॅटरीची वायर काढली. मग अँटेनाही उपटली. आवाज येतच राहिला. गाडी तिथेच टाकून चालक निघून गेला, तो परत फिरकला नाही. ताईने गाडीला कुलूप लावलं.

"लहरी कुठून कुठे उसळून येतात," मी म्हणालो. "दुसऱ्याच कोणाचं तरी बोलणं असेल."

ताईने सेटचं बोलायचं बटण न दाबताच मला विचारलं, "लहानपणी तू माळ्यावर अडकला होतास. मी फटीतून आत काय सरकवलं होतं?"

"कंगवा," मी म्हणालो. "खिट्टी ढकलायला."

सेटवर हळूच रडल्यासारखं झालं. "तुझी वेणी गं. धरून बसायला."

कोणाचं बरोबर, ते ताईने सांगितलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. गाडी अंगणात उभी आहे. सेट बंद करू म्हटलं तर ती टेबलासमोरून उठत नाही. मला वाढताना आता ती विचारते, "तिखट चालतं ना तुम्हाला?"

आज दुपारी मी हात धुऊन येत होतो. ती सेटला तोंड लावून, पोराला थोपटावं तशा सुरात बोलत होती.

"थोडा धीर धर, राजा. तो जेवायला बसला की किल्ली घेऊन येते."

ताट वाढलेलं आहे. ती हाक मारतेय.