मैनेची डावी बाजू

चाचणीच्या मैदानावर नवी कोरी मुक्कामगाडी पुन्हा उजवीकडच्या खांबाला घासली. पांढऱ्या पत्र्यावर वीतभर ओरखडा उठला.

"घ्या! डोळ्यांच्या जागी काचा बसवल्यात, पण नजर कुठली बसवणार?" गोदाक्का भोईटे खुर्चीतून कडाडल्या. "आमच्या मैनेनं इतक्या वर्षांत कुणाच्या म्हशीच्या शेपटीलासुद्धा धक्का लावला न्हाई."

मैना म्हणजे त्यांची जुनी मुक्कामगाडी, चाकांवरचं घर. ती मैदानाच्या कडेला उभी होती. तिच्या पोटातला संसार जुन्या गाड्या बदलून देणाऱ्या केंद्राच्या लोकांनी बाहेर काढून गवतावर टाकला होता: पातेली, गोधड्या, तवा. स्वतःचं लुगडं चारचौघांत वाळत पडावं तसं गोदाक्कांना वाटत होतं. मैदानापलीकडे दाबयंत्र घरघरत होतं. वय झालेली गाडी त्याच्या जबड्यात गेली की पाटाएवढा चौकोन होऊन बाहेर पडायची.

केंद्राच्या प्रमुख डॉ. तेजश्री खर्डेकर यांनी सकाळी त्यांना गोड बोलून समजावलं होतं. मुक्कामगाडीत एक सवयकोश असतो. चालवणाऱ्याचा हात, त्याचं वळणं, थांबणं, सगळं तो वर्षानुवर्षं शिकतो आणि पुढे गाडी स्वतःच तशी चालवतो. तो कोश उचलायचा आणि नव्या गाडीत बसवायचा. त्याची नक्कल मात्र होत नाही. "तुमची माया पत्र्यावर नाही, आजी. ती या कोशात आहे."

गोदाक्कांना ते निम्मं पटलं होतं. त्यांचे मालक जाऊन तीन पावसाळे झाले, तरी चुलीवर दूध असलं की मैना घाटात अजूनही त्यांच्यासारखीच अलगद वळायची. ते जपायचं म्हणून तर त्या आल्या होत्या.

नियम भिंतीवर ठळक लिहिलेला होता. ज्या गाडीत कोश उत्तीर्ण होईल ती नवी धरायची, तिला रस्ता मोकळा, दुसरी दाबयंत्रात. दोन्हींत नापास झाला, तर दोन्ही गाड्या कोशासकट दाबयंत्रात. हे कलम डॉक्टरबाईंनी स्वतः लिहिलं होतं.

चाचणी अभियंता झहीर मुल्ला आकडे बघून म्हणाला, "मॅडम, कोश चुकत नाहीये. जुनी गाडी डावीकडे ओढत असणार. हा तिला कायम उजवीकडे सावरत आलाय. इथं ओढ नाही, नुसतं सावरणं उरलंय. म्हणून खांब."

"मग ते सावरणं पुसून टाक."

"वेगळं काढता येणार नाही. वळणं, थांबणं, सावरणं, सगळं एकाच विणीत आहे. एक धागा ओढला तर त्यांचा हातच उसवेल."

"माझ्या मालकांचा हात उसवणारी तू कोण गं?" गोदाक्का काठी टेकत उठल्या. "शिकलीस, मोठी झालीस, घरी कुणी मेलंय का कधी?"

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "ठीक आहे. कोश जुन्या गाडीत परत घाला. तिथंही चाचणी होऊ दे."

कोश परत बसला. मैना ओळखीचा खोकला काढून सुरू झाली, निघाली आणि त्याच खांबाला त्याच बाजूनं घासली.

गोदाक्कांनी जाऊन त्या ओरखड्यावरून पदर फिरवला.

"आता काय म्हणणं आहे?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही नापास."

"थांबा मॅडम, हे हिशेबात बसत नाही." झहीर मैनेखाली वाकून आला. "डावीकडचे कमानपाटे, चाकांवरच्या स्प्रिंगा, पार दबलेत. या बाजूला काहीतरी जड होतं. आक्का, इथं काय ठेवत होता?"

गोदाक्कांनी गवताकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"माझा पाटा."

काळ्या दगडाचा, सासूबाईंनी दिलेला. यंत्रात वाटलेल्या चटणीला त्या तोंड लावत नसत. पाटा कायम डाव्या बाकाखाली असायचा. मालक हसायचे, रात्री उजवा खांदा चोळून घ्यायचे आणि म्हणायचे, वय झालं. गाडी ओढते असं एकदाही म्हणाले नव्हते.

"मग दगड नव्या गाडीत ठेवा!" डॉक्टरबाईंना सुटका दिसली. "प्रश्नच मिटला."

दोघांनी पाटा उचलून नव्या गाडीत डावीकडे ठेवला. कोशही पुन्हा तिकडे गेला. गाडी क्षणभर कलली, मग तिच्या समतोलदांड्यांनी फुस्स आवाज करत तिला सरळ केलं. ती निघाली आणि खांबाला घासली.

"नव्या गाडीला ओझं जाणवतच नाही," झहीर म्हणाला. "आलं की लगेच मिटवते. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

"जिला माझं ओझंच कळत न्हाई, ती कसली माझी!" गोदाक्कांच्या तोंडाला पुन्हा धार आली. "उचला तो दगड. नीट उचला. तुमच्या डॉक्टरीपेक्षा जुना हाय."

पाटा मैनेत आपल्या जागी बसला. मागून कोश बसला. मैना डावीकडे झुकली, मालकांनी उजवीकडे सावरलं, आणि ती खांबांमधून अशी सरळ गेली की झहीरनं नकळत टाळी वाजवली.

हिरवा दिवा लागला. यंत्रानं नियम वाचला, माणसांना विचारलं नाही. जमिनीतून साखळी वर आली, नव्या कोऱ्या गाडीच्या पुढच्या आकड्यात अडकली आणि तिला दाबयंत्राकडे ओढू लागली.

"अहो, थांबवा! ती नवी आहे!" डॉक्टरबाई ओरडल्या.

"नवी आमची मैना," गोदाक्का म्हणाल्या. "भिंतीवर लिहिलंयस ना? मला वाचता येत न्हाई, सकाळी तूच वाचून दाखवलंस."

पत्रा चुरल्याचा आवाज आला. झहीरनं गवतावरचा बाकीचा संसार आत ठेवून दिला आणि त्या मागं न पाहता मैनेत चढल्या. बाकावर टेकताच त्यांचा पाय पाट्याला लागला आणि सगळा राग उसळून चालकाच्या रिकाम्या जागेवर गेला.

"एवढी वर्षं खांदा झिजवलात, मेलं तोंडानं एकदा सांगायचं होतं! मधोमध सरकवला असता की मी!"

रस्ता लागला. गोदाक्कांनी वाकून दोन्ही हात पाट्याला लावले, मधल्या बाजूला जरासा ढकलला. तेवढ्यानंच गाडी उजवीकडे झुकली.

त्यांनी घाईनं पाटा ओढून परत जागेवर आणला आणि वर हात ठेवून बसल्या. समोर सुकाणू उजवीकडे किंचित वळलं आणि तिथंच धरून राहिलं.