सुईची जागा

हे मला कुणी येऊन सांगितलेलं नाही. मी तिथेच, बेडला टेकून उभा होतो.

गेल्या वर्षी, गणपतीच्या आधीची एक दुपार. सदाशिव पेठेतलं एक छोटं डायलिसिस सेंटर.

डायलिसिससाठी माझ्या वडिलांच्या, बाबुरावांच्या, डाव्या हातातली शीर ऑपरेशन करून मोठी केली होती. फिस्टुला म्हणतात तिला. दर वेळी तिच्यात दोन जाड सुया घालतात. बाबांची शीर खोल आणि वाकडी. ती फक्त कल्याणी या टेक्निशियनला नेमकी सापडायची. डोळे मिटून ती अंगठ्याने दाबत जायची, थांबायची आणि सुई घालायची.

जुलैत कल्याणी डेंग्यूने गेली.

बाबांना आम्ही ते सांगितलं नव्हतं. लग्न होऊन नाशिकला गेली, एवढंच म्हटलं.

तिच्या जागी तन्वीर आला. मुलगा चांगला, पण दोनदा सुई शिरेबाहेर गेली. हात सुजून काळानिळा झाला. पुन्हा चुकलं तर मानेत नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांना आधीच धाप लागत होती.

त्या दुपारी तन्वीर बराच वेळ चाचपत होता.

"अहो, विहीर खणताय का?" बाबा म्हणाले.

कुणी हसलं नाही.

बाहेर मांडवाचे बांबू ठोकणं चालू होतं. अचानक ते थांबलं...

शेजारच्या मशीनची घरघरही ऐकू येईना...

बाबांनी डोळे मिटले.

"कल्याणी, हात किती गार गं तुझे."

तन्वीरने दोन्ही हात मागे घेतलेले होते.

आणि बाबांच्या हातावरची कातडी... खाली दबली.

अंगठ्याएवढा खळगा. तो हळूहळू वर सरकला...

थांबला.

तन्वीरने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. का, ते आजही सांगता येत नाही.

त्याने सुई तिथेच घातली. नळी झरकन लाल झाली.

तेव्हापासून बाबांची सुई कधी चुकलेली नाही. तन्वीर त्या दुपारबद्दल बोलत नाही.

बाबा मात्र घरी आल्यावर म्हणाले, "ती परत आली, हे मला सांगितलं नाहीत."



परवा संध्याकाळी चहा घेत होतो. माझ्या कोपराखाली काहीतरी गार टेकलं... दाबत दाबत वर सरकलं...

आणि थांबलं.

मला कसलाही आजार नाही. बायको म्हणते, एकदा रक्त तपासून घ्या.

मी अजून गेलेलो नाही.