घराची चौथी जागा

"मॅडम, एवढ्या हुशार संगणकाला स्वतःकडच्या वस्तूंची नावं धड का सांगता येत नाहीत?"

भिंगरी हे भर वर्गात विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भिंगरीने विचारलं, तेही उभं राहून. मागची खुसखुस एकदम थांबली.

प्रश्न खराच होता. प्रोग्रॅममध्ये साचे असतात. यादीचा साचा एकच, त्यात पुस्तकं घाला नाहीतर मुलं. पण प्रोग्रॅम चालू असताना त्यालाच विचारलं, तुझ्याकडे काय आहे, की तो 'यादी`1' असं काहीतरी पुटपुटायचा. एक म्हणजे आत एक जागा. तिथे कोण आहे, ते पुढच्या गिचमिडीतून आपण शोधायचं.

"मग तूच शिकव त्याला," मॅडम म्हणाल्या. "जमलं, तर शाळेच्या प्रदर्शनात माझ्या प्रोग्रॅमऐवजी तुझा."

आठवड्यात जमवलं तिने. साचा उघडायचा, आतल्या प्रत्येक जागेला नाव विचारायचं, आत आणखी साचा निघाला तर तोही उघडायचा. पडद्यावर 'यादी<पुस्तक>' असं स्वच्छ उमटलं आणि भिंगरी तरंगायलाच लागली. हिला खाली उतरवायला शिडी आणा, असं मैत्रिणींचं म्हणणं पडलं.

मग हौसेने तिने 'घर' नावाचा साचा लिहिला. तीन जागा: आई, बाबा, मुलगी.

संगणक म्हणाला, घर`4.

तिने बोटांवर मोजल्या. तीनच. मॅडमनी मोजल्या. तीनच. शेजारच्या संगणकावरही उत्तर चारच आलं. तिचा प्रोग्रॅम इमानाने एकेक जागा उघडत गेला:

घर<आई, बाबा, मुलगी, खुर्ची< >>

खुर्ची नावाचं तिने काहीच लिहिलं नव्हतं.

पुन्हा चालवलं. कंसातली मोकळी जागा रुंदावली होती, दोन अक्षरं मावतील एवढी.

तिसऱ्यांदा, पाच अक्षरं मावतील एवढी.

मॅडमनी पडदा बंद केला. चौथी जागा दाखवूच नकोस अशी एक ओळ घाल, मिनिटाचं काम आहे, नाहीतर उद्या माझाच जुना प्रोग्रॅम मांडू, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी नेहमीसारखे तिघं. चौथ्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, तिला कळायला लागल्यापासून तिथेच. शाळेत काय उमटलं ते तिने घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी कौतुकाने विचारलं, मग उद्या आमच्या लेकीचं नाव लागणार ना?

"लागेल नाहीतर राहील," भिंगरी म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला आवडला. "पण मी एकही जागा लपवणार नाही, बाबा. आत जे आहे ते माझा प्रोग्रॅम सांगतो. चौथ्या जागेत नाव उमटलं, तर तेसुद्धा मी वाचून दाखवणार."

आई उठली, गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, आणि ती खुर्ची टेबलाजवळ सरकवली. कुणी बसल्यावर सरकवतात तशी, जपून.