आता दिसतंय, हलू नको

हृतिक, तो टीव्ही बंद कर नि इकडं बस. सलोनी, तूपण. माझ्या मावसभावाचं, राजेशचं सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलेलं हाय.

राजेश महाडला टीव्ही, डिश बसवायची कामं करतो. मागच्या शिमग्याआधीची एकादशी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत त्याच्या दोस्ताचं, विनीतचं घर. बाप कुशाबा सारखा टीव्हीसमोर बसलेला असायचा. तो वारला, तेव्हापासून घर बंदच. विनीत मुंबईला. सणाला सगळी येणार, म्हणून त्यानं घरात ठेवायची छोटी अँटिना पाठवलेली. रिचार्ज नको, छपरावर डिशची छत्री नको, फुकट चॅनेल दिसतात म्हणे. राजेश फोनवर हसला, "अरे, या दरीत काय पकडणार ती?" तरी गेला.

शेजारच्या श्रीपतकाकांनी कुलूप काढून दिलं. "चहा घेऊन येतो रे," बोलले नि घरी गेले. दिवेलागण झालेली. राजेशनं ओटीवरचा टीव्ही लावला. पडद्यावर काय नाय. उंचावर धरून बघू, म्हणून वायर ओढत शिडीनं माळ्यावर चढला. मोबाईल खालीच राहिला. अँटिना कौलांना टेकवली नि सवयीनं ओरडला, "आलं का?"

"नाय," खालून आवाज आला.

काका आले वाटतं. त्यानं जरा फिरवली. "आता?"

"डावीकडं घे... अजून... हां. आता दिसतंय. हलू नको."

राजेश खूश. "काय लागलंय, काका?"

हात भरून आला, तशी त्यानं अँटिना खाली घेतली. शिडी करकरली. खालच्या पायरीवर कोणाचा तरी पाय पडला.

"हात वर."

त्यानं वर केला. शिडी गप्प झाली.

कौलांच्या फटीतून पलीकडचं अंगण दिसत होतं. चांदणं पडलेलं. तिथून श्रीपतकाका येत होते. हातात किटली.

मग खाली...

"बाहेर काय बघतोस?"

काका दारात आले. दाराला आतून कडी. राजेशनं ती लावलेलीच नव्हती.

"राजेश, उघड रे!"

त्यानं ओरडायला तोंड उघडलं. शिडी करकरली. एक पायरी... अजून एक. तोंड तसंच मिटलं.

नि खालून राजेशचाच आवाज आला. हुबेहूब. "काका, तुम्ही जा. मला वेळ लागंल."

काका गेले. फटीतून त्यांची पाठ दिसत होती... मग तीपण दिसेना.

रात्रभर तो तसाच उभा. हा हात दमला की तो. जरा खाली आला की करकर. एकेक पायरी वर. चढलेली पायरी परत उतरत नव्हती. पहाटेला तर श्वास ऐकू यायला लागला... अगदी माळ्याच्या तोंडाशी.

"हलू नको."

उजाडलं. तरी दार बंद, म्हणून काकांनी गडीमाणसं बोलावून कडी तोडली. राजेशला खाली आणला, तर हात वरच. खाली येईना. काकांच्या बायकोनं, रंगूकाकीनं तेल चोळून चोळून मोकळा केला.

आत शिरताना उंबऱ्यातच काका थबकले होते. ओटीभर धुरळा. त्यात राजेशच्या पायांचे ठसे, टीव्हीपर्यंत नि तिथून शिडीपर्यंत.

नि टीव्हीसमोर जमीन पुसलेली. माणूस मांडी घालून बसतो ना, तेवढीच.

तिथं यायला पाऊल नाय... नि तिथून उठून जायलापण नाय.