सगळे बदल अमान्य

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं पान त्याच्या हातात होतं, आणि तो ते वाचत होता.

क्लासात प्रिंटर एकच. चष्म्याच्या दुकानावरची ती लांबोळकी खोली, भिंतीला लागून संगणकांची रांग, आणि दाराशी स्टुलावर ठेवलेला तो कुरकुरणारा प्रिंटर. सगळ्यांची पानं एकमेकांत मिसळून बाहेर यायची. ती आपलं पान घ्यायला उठली आणि पाहते तर काय, हा उंच, आखूड बाह्यांचा माणूस तिचं पान नाकाशी धरून उभा! शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं त्याने, आणि मग कुठे वर पाहिलं.

"तुमचं का हे?"

"माझंच. वाचून झालं असेल तर द्याल का?"

"झालं ना. छान आहे. फक्त… 'विनम्र' दोनदा आलंय."

"मी दुप्पट विनम्र आहे."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा, दुसरा जणू परवानगीची वाट बघत राहायचा. तिने पान हातातून ओढूनच घेतलं. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "कुठे असता आपण?"

तिने कंपनीचं नाव सांगितलं. लिफ्ट बनवणारी कंपनी.

"अरेच्चा! म्हणजे तुम्ही हेड ऑफिस!" तो म्हणाला. "मी गोदाम."

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

त्याला कारणही तसंच होतं. महिन्यापूर्वी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं की आता टाइपरायटर बंद. ग्राहकाला जाणारे प्रस्ताव यापुढे संगणकावर व्हायचे: अनुक्रमणिका, तक्ते, प्रत्येक पानावर कंपनीचं चिन्ह. त्यासाठी वेगळी खोली, आणि खोलीत खुर्ची एकच. ती नाहीतर गोदामातला एक कारकून. दोघांनी संध्याकाळचा क्लास करायचा, गोदामातल्याची तेवढे दिवस शहरातच राहायची सोय, आणि क्लासच्या बाई ज्याला वरचढ ठरवतील त्याची खुर्ची. दुसऱ्याने गोदामात बसायचं.

गोदाम गावाबाहेर होतं, रोज जाऊन येणं शक्य नाही इतकं लांब. तिकडे जायचं म्हणजे तिकडेच खोली घ्यायची. आणि आत्याचं काय? आत्याने तिला लहानाची मोठी केलेली. आता आत्याचे गुडघे जिना म्हटला की रुसायचे, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. दूध आणायलासुद्धा हिनेच उतरायचं. तिला ती खुर्ची हवी होती, नुसती हौस म्हणून नव्हे.

त्या संध्याकाळी आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. आत्याचा स्वभाव असा, की दारावर पोस्टमन आला तरी ती आधी त्याच्या चपला बघायची.

"गोड बोलतो?"

"हो."

"हसतो?"

"एका गालाने."

"अगं बाई! म्हणजे अर्धा हसतो. चिमे, कुठेतरी पाणी मुरतंय. त्याच्याकडून पेन्सिलसुद्धा उसनी घेऊ नकोस."

आणि ती घेतही नसे. पण क्लास चालवणाऱ्या बाई पडल्या वेगळ्याच. चाळीस वर्षं टायपिंग शिकवून आता संगणकाकडे वळलेल्या, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या. एकाच कंपनीचे दोघं म्हटल्यावर त्यांनी त्यांना शेजारीच बसवलं, जोडीच लावून टाकली.

"धंद्याचा कागद एकट्याचा नसतो," बाई म्हणाल्या. "एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा. आज खुर्च्या बदला."

जोडीदाराच्या खुर्चीवर बसून त्याचा मजकूर दुरुस्त करायचा. संगणक प्रत्येक बदल रंगात दाखवायचा: तिचा लाल, त्याचा निळा. मग आपापल्या जागी परत यायचं आणि जोडीदाराचा एकेक बदल वाचून तो मान्य करायचा किंवा अमान्य. सगळे एकदम मान्य किंवा अमान्य करायचं बटणही होतं. "ते बटण आळशांसाठी," बाई बजावायच्या.

पहिल्याच दिवशी तिने पाहिलं. गोदाम आपल्या खुर्चीवर बसला, पडद्यावरच्या लाल शब्दांकडे क्षणभर टक लावून पाहिलं, आणि सरळ बटण दाबलं. सगळे बदल मान्य!

"वाचलंत तरी का?" तिला राहवलं नाही.

"तुम्ही केलेत ना? मग वाचायचं काय?"

असं कोण बोलतं? ज्याच्या मनात काही आहे तोच. तिने आपल्या पडद्यावरच्या निळ्या शब्दांकडे पाहिलं, आणि एकही न वाचता दाबलं. सगळे बदल अमान्य.

हे रोजचंच होऊन बसलं. तो मान्य करतोय, ही अमान्य करतेय. तो तिच्यासाठी कपातला चहा झाकून ठेवायचा. ती तो आधी हुंगून बघायची.

"विष नाही घातलेलं," तो एकदा म्हणाला.

"साखर किती घातलीय ते बघतेय."

"साखरेचाही संशय?"

"साखरेचाच जास्त."

त्याचे डोळे हसले. तिने मान फिरवली, पण कपाची ऊब तळहाताला बराच वेळ पुरली… आणि त्याचाही तिला राग आला.

एकदा ती छत्री विसरली म्हणून जिन्यावरून परत आली तर तो तिच्या खुर्चीवर! तिचा दरांचा तक्ता उघडलेला, आणि त्याने ते बटण दाबलं होतं ज्याने एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतात. प्रत्येक मोकळ्या जागेचं एक टिंब. टाइपरायटरच्या सवयीने तिने रकाने स्पेसबार दाबून दाबून जुळवले होते, त्यामुळे सगळा पडदा टिंबांनी भरून गेला होता.

"काय शोधताय?"

तो दचकला. "काही नाही… बघत होतो. रकाने करायला इथे वेगळी सोय आहे, तरी तुम्ही एकेक टिंब मोजून… आणि एकही रकाना हललेला नाही. मला नसतं जमलं."

"टिंगल करताय?"

"नाही हो. खरंच." कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "पण परीक्षेत बाई याचे गुण कापतील. तक्ता असा घाला… दाखवू?"

"मी बाईंना विचारीन," ती म्हणाली, आणि छत्री घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारलं. त्याने सांगितलेलं बरोबर निघालं. मग तर संशय आणखीच वाढला. प्रतिस्पर्ध्याला बरोबर सांगणारा माणूस… हे काय लक्षण?

"एक तर तो भोळा आहे," आत्याने निवाडा दिला, "नाहीतर महाबिलंदर. मधलं काही असत नाही."

"ओळखायचं कसं?"

 उपाय तिने स्वतःच शोधला.

परीक्षेसाठी दोघांना एकेक जाडजूड प्रस्ताव करायचा होता. परीक्षेच्या दिवशी पुन्हा खुर्च्या बदलल्या. त्याच्या प्रस्तावात लिहिलं होतं, 'लिफ्टची हमी पाच वर्षं.' तिने इकडेतिकडे पाहिलं, 'पाच' खोडलं आणि लिहिलं, 'पन्नास'. लालभडक, डोळ्यात भरेल असं. वाचणारा असेल तर वाचेल. नाटकच करत असेल, तर आज परीक्षेच्या दिवशी तरी नक्की वाचेल.

ती आपल्या खुर्चीत परतली. तो आपल्या. त्याने लाल शब्दांकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, आणि बटण दाबलं.

सगळे मान्य.

 तिचे हात सवयीने चालले: सगळे अमान्य. फाइल बंद.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "अहो, हेड ऑफिस, तुमच्या चौथ्या पानावर…"

"गोदामाने आपलं काम बघावं," ती म्हणाली. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून जरा जास्तच तोडून म्हणाली.

घरी आत्याला सांगितलं. वाटलं होतं, आत्या पाठ थोपटेल. आत्या भाजी निवडायची थांबली.

"म्हणजे उद्या त्या बाई तपासणार, पन्नास वर्षं वाचणार, आणि तो नापास?"

"त्याने वाचायला हवं होतं ना."

"चिमे, मी तुला संशय घ्यायला शिकवलं. खड्डा खणायला नाही."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून लवकर सुटून धापा टाकत जिना चढली. बाई येऊन फायली तपासायला घेण्याआधी ते 'पन्नास' पुसायचं होतं. खोलीचं दार लोटलेलं, आत पंखा फिरतोय, आणि तो बसलाय. तिच्या खुर्चीवर! तिची फाइल उघडून!

"सापडलात!" ती जवळजवळ ओरडलीच. "मला माहीतच होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

तो उठला नाही. खुर्ची फक्त थोडी बाजूला सरकवली. "चौथं पान वाचा."

तिने वाचलं. 'लिफ्टमध्ये एका वेळी साठ व्यक्ती.' सहाच्या जागी साठ. तिच्या स्वतःच्या हातचं.

"काल मी दुरुस्त केलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही अमान्य केलंत. सांगायला आलो तर…"

"गोदामाने आपलं काम बघावं," ती पुटपुटली.

"हो. म्हणून लवकर आलो. मला खुर्ची हवीय हो, खरंच हवीय. गोदामात उंदीर माझ्यापेक्षा सीनियर आहेत. पण साठ माणसांच्या लिफ्टवर जिंकायचं नाहीये मला. ती लिफ्ट आहे की आगगाडी?"

एरवी ती हसली असती. आता नाही.

"तुमचं अकरावं पान उघडा," ती म्हणाली.

त्याने उघडलं. वाचलं. बराच वेळ वाचत राहिला, वाचण्यासारखं एवढंसं असूनही.

"चुकून?"

"नाही."

"मुद्दाम?"

"तुम्ही वाचता की नाही ते बघायला… आणि नाही वाचलंत. म्हणून मीही लवकर आले."

दोन्ही गाल गंभीर होते. पंखा तेवढा फिरत होता. खाली दुकानात कोणीतरी चष्म्याच्या पेटीचं झाकण टपकन मिटलं.

"वाईट वाटलं मला," तो सरळ म्हणाला.

"वाटायलाच हवं."

"पण का वाचत नव्हतो, ते विचारा ना."

"का?"

"तुम्ही माझ्या खुर्चीवर बसून माझं पान वाचता तेव्हा ओठ हलतात तुमचे. प्रत्येक शब्दाला. इतकं नीट माझं कोणी कधी वाचलं नव्हतं. मग तपासायचं काय राहतं?"

 तिला, कशाला कोण जाणे, हसूच फुटलं. पन्नास वर्षांची हमी आणि साठ माणसांची लिफ्ट! तोही हसला. दोन्ही गालांनी.

बाई आत आल्या तेव्हा साठाचे सहा आणि पन्नासाचे पाच झालेले होते, आणि दोघं आपापल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसलेले होते.

खुर्ची तिला मिळाली.

आत्या म्हणाली, "मुद्दाम हरला असेल." तिच्याही मनात तेच होतं, आणि तसलं दान तिला नको होतं. ती तडक बाईंकडे गेली.

"मुद्दाम?" बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "एक पान वाढवलं, आणि अनुक्रमणिका नवी करायला विसरला. सगळे आकडे एकाने मागे! जीव तोडून केलं होतं गं त्याने. पण तुझं जास्त चांगलं होतं, इतकंच."

शेवटच्या दिवशी जिन्यात तिने त्याला विचारलं, "अनुक्रमणिका कशी विसरलात?"

"तुम्ही हसलात ना," तो म्हणाला. "त्यात राहिली."

आणि तो गोदामात परत गेला.

नव्या खोलीत खिडकी होती, चांगला उजेड होता, आणि शेजारची जागा रिकामी होती. चहा आता कोणी झाकून ठेवत नव्हतं. ती हुंगायची तरी सवयीने, आणि मग तिचं तिलाच हसू यायचं… फारसं न टिकणारं. पण कंपनीचा नियम होता, की प्रत्येक प्रस्तावातले सुटे भाग गोदामाने तपासायचे. त्या काळी फाइल फ्लॉपीवर जायची, कंपनीच्या गाडीतून, सामानासोबत. फ्लॉपी परत यायची तेव्हा तिला किंचित ग्रीसचा वास असायचा, आणि आत निळे बदल. आता ती एकेक वाचायची. मान्य. मान्य. मान्य. कधी कधी चूक नसलेल्या ठिकाणीही त्याने स्वल्पविराम घातलेला असायचा. तोही ती मान्य करायची.

एके दिवशी एका इस्पितळाच्या प्रस्तावात, दोरखंडांच्या जाडीखाली, निळ्या अक्षरांत एक अख्खं वाक्य होतं.

'मला तुम्ही फार आवडता. तपासून लिहिलं आहे.'

तिने वाचलं. ओठ हलले. मग दाराकडे पाहिलं, दार लावलं, आणि गोदामाला फोन लावला.

"सहाव्या पानावर एक बदल आहे. कोणी केला?"

पलीकडे काहीतरी खणकन पडलं. "गोदामाने."

"चुकून?"

"नाही."

"आणखी कोणाकोणाच्या प्रस्तावात लिहिलंय असं?"

"अहो! एवढाही विश्वास नाही?"

"मी विचारणार. सगळं विचारणार. जन्मभर विचारत राहीन, तो स्वभाव आहे माझा. चालेल?"

"विचारा की. मी उत्तरं देत राहीन. तो माझा."

 फोनच्या तारेचे तिच्या बोटाभोवती वळसे पडत गेले.

"मग आता तोंडाने सांगा," ती हळूच म्हणाली. "लिहिलेलं काय, कोणीही पुसू शकतं."

त्याने सांगितलं. गोदामात मागे कोणीतरी शिटी वाजवली, तरी त्याने वाक्य पूर्ण केलं.

"बरं," ती म्हणाली. "रविवारी घरी या. तिसरा मजला. आत्याला भेटायचंय. ती आधी तुमच्या चपला बघेल."

"फार संशयी आहे का?"

"मी तिच्याकडूनच शिकले."

"बाप रे!… आणि ते वाक्य? त्याचं काय करताय?"

"अमान्य."

"म्हणजे?"

"म्हणजे इस्पितळाने कशाला वाचायचं ते?"

फोन ठेवून ती पडद्याकडे वळली. निळं वाक्य तिथेच होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने त्याचा बदल वाचून, पुन्हा एकदा वाचून, आणि मग अगदी सावकाश… अमान्य केला.